सुधीर, तू खाली आला नाहीस तो गुरुवार

सुधीर, परवा तुझ्या शोकसभेत सगळे तुला 'संयमी' म्हणाले. मला हसू आवरेना. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे, त्यांनी हळूच रुमाल पुढे केला. संयमी म्हणे! दादरच्या मासळीबाजारात पापलेटाच्या भावावरून नव्हे, तर 'संशोधनात संमती म्हणजे काय' यावरून माझ्याशी इतक्या मोठ्याने भांडलेला तू, की कोळणीने कोयता खाली ठेवून विचारलं होतं, "काय झालं ओ ताय, घटस्फोट हाय काय?"

परळच्या आपल्या रुग्णालयाच्या ग्रंथालयात सभा होती. प्रत्येकाला थोडाच वेळ दिला होता आणि कुणीच तो पाळला नाही. तू असतास तर घंटी वाजवली असतीस. पडद्यावर आस्त्रिद होती, नॉर्वेहून. तिच्याकडे सकाळ होती, केस विस्कटलेले होते, आणि ती काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली. मीही बोलले नाही. लोकांना वाटलं असेल की दुःखामुळे. दुःख होतंच रे. पण मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, आणि अर्धं भांडण घेऊन माणसाची स्तुती कशी करतात ते मला येत नाही.

म्हणून हे लिहिते आहे.

भांडणाचं मूळ लालबागला आहे. तू नाही म्हणशील, पण आहे. परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर आपल्याकडे मोठा अभ्यास सुरू झाला होता. बाळंतपणानंतर रक्तदाब वाढलेल्या बायकांचं पुढे काय होतं ते बरीच वर्षं पाहायचं, अधूनमधून रक्त घ्यायचं. चांगला अभ्यास होता, अजूनही मी तसंच म्हणेन. आपली माणसं चाळींमधून घरोघरी जायची, माहिती द्यायची, संमती विचारायची. आस्त्रिद तेव्हा त्या विद्यापीठाकडून पहिल्यांदा मुंबईत आली होती आणि त्यांच्याबरोबर फिरायची. मसाल्याच्या गिरण्यांसमोरून जाताना शिंकून शिंकून बेजार व्हायची, पण चेहऱ्यावरचा आनंद काही हटायचा नाही.

तावडे मावशींच्या घरी ती चार वेळा जाऊन आली असेल. मावशी म्हणजे ज्या सुनेचं रक्त हवं होतं तिची सासू. प्रत्येक वेळी चहा, शंकरपाळे, एकदा तर बसवून घावणे घातले. आस्त्रिदने आपल्याला येऊन सांगितलं, या घराला अभ्यासाबद्दल फार आस्था आहे. शेवटी सुनेने सही केली. आणि मग रक्त घ्यायची तारीख आली की घराला कुलूप! कधी सून बहिणीकडे कुर्ल्याला, कधी मावशींचं डोकं दुखतं, कधी दोघी देवळात.

तू एकटाच गेलास. गणपतीत ज्यांच्याकडे आरतीला जायचास त्यांच्या शेजारचं ते घर. मावशींनी तुलाही चहा दिला आणि मग एकदाचं सांगून टाकलं. ते तू मला परत येऊन त्यांच्याच आवाजात ऐकवलंस. "दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं ओ डॉक्टर? ती गोरी पोरगी एवढे जिने चढून आली, घामाने भिजलेली. सुनेला मीच म्हटलं, कर बाय सही, जाऊ दे बिचारी."

हे सांगताना आधी तू खूप हसलास. मग पाणी प्यायलास आणि म्हणालास, "नीला, आपण चुकीच्या जागी विचारत होतो गो."

त्यातूनच तुझी ती बैठक निघाली. वर्षातून एकदा चार-पाच देशांतली माणसं परळला जमवायची. आरोग्याच्या संशोधनात नीती कशी पाळायची यावर बोलायचं, पण पडद्यावर चित्रं दाखवायची नाहीत, निबंध वाचायचे नाहीत. प्रत्येकाने एवढंच सांगायचं, की तुमच्याकडचा माणूस 'नाही' कसं म्हणतो. उदाहरण देऊन सांगायचं, उदाहरण नसेल तर गप्प बसायचं. विद्यापीठांच्या मोठ्या मोठ्या लोकांना तू हे सांगितलंस तेव्हा मी लाजेने टेबलाखाली जायची बाकी होते. मला वाटलं, पुढच्या वर्षी कुणी फिरकणार नाही. फिरकले. वाढले. नंतर पडद्यावरून दर महिन्याला भेटायला लागले, आणि घड्याळांच्या गोंधळात कुणीतरी नेहमी जेवणाचा घास तोंडात घेऊनच बोलायचं.

पहिल्या बैठकीत तू तावडे मावशींची गोष्ट सांगितलीस, तेव्हा आस्त्रिदचा चेहरा मी विसरणार नाही. ती रागावली नाही, पण तिला पटेचना. ती म्हणाली, आमच्याकडे घर ही माणसाची सगळ्यात भक्कम जागा. रुग्णालयात मी घाबरते, पांढऱ्या कोटासमोर घाबरते. घरी दार माझं, मी ते लावू शकते. म्हणून तर आम्ही मुद्दाम लोकांच्या घरी जातो. तू म्हणालास, आमच्याकडे घरात माणूस यजमान असतो. आणि यजमानाला नाही म्हणता येत नाही. केनियाहून आलेल्या एक नर्सबाई होत्या. त्या एकदम म्हणाल्या, माझ्या मावशीने अशीच सही केली होती, विचारायला आलेला मुलगा उन्हातून चालत आला होता म्हणून. मग सगळी खोली एकदम बोलायला लागली. मुंबई, नैरोबी आणि नॉर्वेतल्या बर्गनची माणसं पाहुणचार या एका गोष्टीवर दोन तास बोलली. दुपारी तू सगळ्यांना लालबागच्या खाणावळीत नेलंस, आणि आस्त्रिदने तिरफळ चावून तोंड बधिर करून घेतलं. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर जे तेज होतं ना, ते मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आणि तुझ्या लग्नात मी वाढायला होते, चांगलं जवळून पाहिलंय.

इथवर आपलं एकमत. भांडण झालं ते तुझ्या नियमावर.

तुझा नियम असा, की संमती घरी जाऊन विचारायची नाही. रुग्णालयातही नाही. बालवाडी, मंडळाची खोली, देवळामागचं सभागृह, अशा कुठल्यातरी जागी, जिथे दोघंही पाहुणे नाहीत आणि यजमान नाहीत. वेळ सांगायची. ज्याला यायचं तो येईल. जो येणार नाही, त्याचं ते 'नाही'. त्याला 'का' विचारायचं नाही. कधीच नाही.

पहिला भाग मी लगेच मान्य केला. दुसऱ्यावर अडले. मी म्हटलं, अरे, बाई आली नाही म्हणजे तिला नकोच आहे हे तू कशावरून ठरवलंस? नळाला पाणी त्याच वेळी आलं असेल. मूल तापाने फणफणलं असेल. नवऱ्याने सोडलं नसेल. एकदा, फक्त एकदा, साधं विचारायला काय जातं? तू म्हणायचास, "डॉक्टरचा 'का' हा प्रश्न नसतो, ती अर्धी जबरदस्ती असते. घोडपदेवला वाढलोय मी. माझ्या आईला कुठल्याही डॉक्टरने 'का नको' असं विचारलं असतं, तर ती हो म्हणून मोकळी झाली असती." मी म्हणायचे, "आणि मी गिरगावात, ठाकूरद्वारला वाढल्ये. आमच्याकडे कुणी न विचारल्यामुळे कितीतरी बायका मनातलं मनात घेऊन गेल्या." मग तू म्हणायचास, "झालं, आता गिरगाव सुरू झालं."

हे भांडण आपण रुग्णालयाच्या उपाहारगृहात केलं, दादरला केलं, शिवडीच्या धक्क्यावर फ्लेमिंगो पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर केलं. पाहुणे बिचारे दुर्बिणी खाली करून आपल्याकडेच पाहायला लागले. तुझी बायको, सुनंदा, म्हणायची, "तुम्ही दोघं सुरू झालात की माझी भाजी निवडून होते." आस्त्रिदने सगळ्या देशांसाठी संमतीच्या नियमांचा एक सामाईक मसुदा लिहायला घेतला, त्यात हे एकच कलम रिकामं राहिलं. समोर ती लिहायची, 'सुधीर आणि नीला यांचं ठरल्यावर'. ते अजून तसंच आहे.

आणि मग तू आजारी पडलास.

आजाराबद्दल लिहीत नाही. तुला आवडणार नाही आणि मला जमणार नाही. एवढंच लिहिते, की नेहमीचे उपचार संपत आले तेव्हा आपल्याच रुग्णालयात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती आणि तू तिच्या निकषांत बसत होतास. गुण येईल असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. पण काही महिने जास्त मिळण्याची शक्यता होती. चाचणी चालवणारी डॉक्टर तुझी विद्यार्थिनी. ती माझ्याकडे आली आणि रडायलाच लागली. सरांना मी कसं विचारू, म्हणाली. त्यांना वाटेल मी त्यांचं काहीच शिकले नाही. मी तिला म्हटलं, तू थांब. मी आधी बोलते.

मला तू हवा होतास, सुधीर. यात नीती वगैरे काही नव्हतं. काही महिने म्हणजे काही महिने. तेवढी भांडणं झाली असती.

मी घोडपदेवला तुझ्या घरी आले. तुझे ते लाकडी जिने चढताना दम लागला आणि तुझ्यावर नेहमीसारखी चिडले, कारण मुलगी ठाण्याला लिफ्ट असलेल्या घरात बोलावत होती आणि तू हट्टाने इथेच. तू खाटेवर उशीला टेकून बसला होतास, कॉलर सैल झाली होती. मी पिशवीतून कागद काढायला लागले आणि तू हात वर केलास.

"इथे नको."

"काय नको? मी अजून तोंड उघडलं नाही."

"तू काय विचारणार ते तुझ्या पिशवीवरून कळलं. इथे नको विचारू. इथे तू पाहुणी."

"मी पाहुणी? मी? तुझ्या आईने मला ओरडून हात धुवायला लावलेत या घरात!"

"तरी पाहुणीच. गुरुवारी संध्याकाळी पाचला. खाली मंडळाच्या खोलीत." आणि मग आत वळून, "सुनंदा, हिला चाय दी. साखर कमी."

मी चिडून चहा प्यायले. पण खरं सांगू, मनातून मला बरं वाटलं. नियम पाळतोय म्हणजे अजून जिवंत आहे, असं काहीतरी. आणि मला खात्री होती की तू येशील आणि हो म्हणशील. मी मुद्दे काढून ठेवले होते. तुझ्याच बैठकीतली तुझीच वाक्यं तुला ऐकवणार होते, की संशोधनात कुणीतरी हो म्हणावं लागतं, नाहीतर औषधं येणार कुठून.

गुरुवारी पाचच्या आधीच पोचले. मंडळाच्या खोलीत गेल्या वर्षीच्या मखराचे तुकडे भिंतीला लावले होते, ताशांवर चादर घातली होती, आणि एक काका कॅरम बोर्डावर पेपर पसरून वाचत बसले होते. त्यांनी मला दारासमोर खुर्ची दिली. कोण हवंय विचारलं. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर. "येतील येतील," ते म्हणाले, "वेळेचे पक्के आहेत." पंखा बंद होता. मी पदराने वारा घेत बसले. साडेपाच झाले. काकांनी पेपर घडी करून माझ्याकडे दिला आणि निघून गेले. सहा झाले, सात व्हायला आले. रस्त्यावरचे दिवे लागले.

तू आला नाहीस.

वर यावं असं एकदा वाटलं. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेलेही. पण वर आले असते तर पाहुणी झाले असते, आणि तू मला चहा पाजला असतास, आणि तुझा नियम मोडला असता. मी परत फिरले. टॅक्सीत बसले आणि तुझ्यावर इतकी रागावले, इतकी रागावले, की घरी जाऊन भांडी आपटून घासली. तुझ्या नियमाचा मला कधी इतका तिटकारा आला नव्हता. तावडे मावशींच्या सुनेने नाही म्हणावं, तिचा हक्क. तू का नाही म्हणावंस? निदान मला विचारायचंस तरी!

शनिवारी मी नेहमीसारखी आले. तू आस्त्रिदच्या मसुद्यातल्या एका शब्दावर तावातावाने बोललास, अर्धं घावणं खाल्लंस, उरलेलं माझ्या ताटात ढकललंस. गुरुवारबद्दल तू बोलला नाहीस, मीही बोलले नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तुझ्या त्या विद्यार्थिनीला मी एवढंच सांगितलं, की सरांचं नाही आहे. तिने 'का' विचारलं नाही. चांगली शिकली आहे हो.

पण मी आतून पोखरली जात होते. रागामुळे नाही, राग लवकर गेला. मला वेगळीच भीती बसली. तू नाही म्हणालास, की तुला त्या दिवशी जिना उतरताच आला नाही? ताप होता का? उतरायची लाज वाटली का, कुणाच्या खांद्यावर हात टाकून? मी जे इतकी वर्षं तुला सांगत होते, की न येणं म्हणजे प्रत्येक वेळी नाही नसतं, तेच तुझ्या बाबतीत झालं असेल तर? तर मी तुझा नियम पाळून तुझे महिने घालवले. आणि विचारलं असतं, तर कदाचित दमवून तुझ्याकडून हो घेतलं असतं. प्रत्येक शनिवारी तुझ्या खाटेशेजारी बसून मी हे गिळत होते आणि तू मजेत बोंबलाच्या आठवणी काढत होतास.

मग तू गेलास.

काल मी सुनंदाला भेटायला आले. दिवस झाल्यावर माणसं पांगतात, घर एकदम मोठं वाटायला लागतं, म्हणून मुद्दाम काल. ती कोकणातून आलेली आमसुलं वर्तमानपत्रावर निवडत बसली होती. मी पण शेजारी बसून निवडायला लागले. बऱ्याच वेळाने मी विचारलं. सुधीर, तुझा नियम मोडला मी. सरळ मोडला.

"सुनंदा, तो त्या गुरुवारी खाली का आला नाही?"

तिने हात थांबवला नाही.

"निघाले होते ना, ताई," ती म्हणाली. "दुपारपासून तयारी. मी दाढी करून दिली, तो निळा शर्ट घातला. नाहीच म्हणायचं होतं त्यांना, ते आधीच ठरलं होतं. सारखं रुग्णालयात जाणं नको, सुया नकोत, आता घरात राहायचंय, म्हणाले. पण नीलाला तसं समोर बसून नीट सांगायचं, म्हणाले. माझा हात धरून हळूहळू उतरलो. पहिल्या मजल्याच्या वळणावरून मंडळाचं दार दिसतं, माहितीय ना तुम्हाला? तिथून तुम्ही दिसलात. पदराने वारा घेत बसला होतात. तिथेच थांबले. मी म्हटलं, चला ना. तर म्हणाले..."

तिने आमसुलाची बी बाजूला टाकली.

"म्हणाले, 'हिच्या तोंडार नाय म्हणूक माका जमाचा नाय गो. चल, वर जाव्या.' उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला वर यायला. मग गॅलरीत खुर्ची घेऊन बसले. तुम्ही टॅक्सीत बसेपर्यंत उठले नाहीत."

मी खूप रडले, सुधीर. सुनंदाने मला रडू दिलं आणि मग तिने तेच केलं जे त्या घरात नेहमी होतं, चहा टाकला. साखर कमी.

पुढच्या बैठकीत आस्त्रिदचं ते रिकामं कलम भरायचं आहे. रात्रभर विचार केला. आपण दोघंही चुकत होतो रे. घर की मंडळाची खोली, 'का' विचारायचं की नाही, हे सगळं नंतरचं. ज्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं जड जाईल, त्या माणसाने विचारायला जाऊच नये. एवढंच लिहायचं आहे. लालबागला ती घामाने भिजलेली पाहुणी होती. तुझ्यासाठी मी होते.

उदाहरणाशिवाय बोलायचं नाही, हा तुझा नियम अजून चालतो. तेव्हा आस्त्रिद विचारेलच, कुणाचं उदाहरण. सगळे देश पडद्यावर असतील. मला फक्त तेवढं एक वाक्य न रडता म्हणायचं आहे, की एक माणूस मला नाही म्हणायला अर्धा जिना उतरून आला होता.